नसेच्या आतला ‘थ्रीडी’ नकाशा मिळेपर्यंत ऑपरेशन थांबवावं का?

निपाणीहून आलेला तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकट्या भावाच्या उजव्या मनगटाच्या वर, चार बोटांच्या अंतरावर, खिडकीची काच लागून खोल जखम झाली. त्याच रात्री जवळच्या दवाखान्यात टाके घातले. जखम भरली, टाकेही निघाले, पण करंगळीला आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला काही लागलेलं कळत नाही, बोटं फाकवता येत नाहीत. याला आता तीन आठवडे झालेत. एका सर्जननी ‘नस तुटलीय, उघडून जोडावी लागेल’ असं सांगितलंय. मधल्या काळात तुम्ही माणसाच्या नसेच्या आतल्या एकेका धाग्याचं रंगीत, फिरवून बघता येणारं चित्र इंटरनेटवर पाहिलंत. तसा स्कॅन कुठं होतो, तो केला तर धाग्याला धागा जुळवून जोडणी होईल का, आणि त्यासाठी ऑपरेशन महिनाभर पुढं ढकललं तर चालेल का, असं तुम्ही विचारताय.

मी बेळगावात हाताच्या आणि नसांच्या शस्त्रक्रिया करतो, वीसेक वर्षं झाली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: ढकलू नका. का ते सांगायला थोडा वेळ घेतो, कारण तुमची शंका चुकीची नाही. उलट ऐंशी वर्षांपूर्वी शरीरशास्त्रज्ञांनाही तीच पडली होती.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. आमच्या ओपीडीत मराठी माणूस ‘शीर तुटली’ म्हणतो, कानडी माणूस ‘नर’ म्हणतो, आणि दोघांच्याही मनात रक्ताची नळी, बोट ओढणारी दोरी आणि संवेदनेची नस या तिन्ही गोष्टी एकच असतात. तुमच्या भावाची जखम जिथं आहे तिथं या तिन्ही एकमेकींना खेटून आहेत. म्हणून उघडल्यावर तिथं एकच गोष्ट तुटलेली सापडेल असं गृहीत धरू नका. पण तुम्ही सांगितलेल्या खुणा नसेच्याच आहेत. ती अल्नार नस. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत सणक जाते ना, तीच.

मनगटाजवळ ही नस तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पांढरट चऱ्हाटासारखी दिसते. चऱ्हाटात जसे पेड असतात तसे तिच्या आतही पेड असतात. आम्ही त्यांना फॅसिकल म्हणतो. प्रत्येक पेडाला स्वतःचं चिवट आवरण, आणि त्या आवरणात शेकडो, कधी हजारो तंतू. वेष्टण असलेला तंतू साधारण २ ते २० मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा. काही तंतू स्नायूला हुकूम नेतात, काही कातडीवरची खबर आणतात. हुकुमाचा तंतू वाढत जाऊन कातडीत पोचला तर तो वाया गेला, आणि खबरेचा स्नायूत शिरला तर तोही. तुमची काळजी हीच आहे, आणि ती रास्त आहे.

आता बहुतेकांच्या डोक्यात नस म्हणजे केबल असते: लाल वायर लालला, निळी निळीला. हा समज १९४५ साली मोडला. मेलबर्नचे शरीरशास्त्रज्ञ सिडनी संडरलंड यांनी हाताच्या नसांचे ओळीनं पातळ काप घेतले आणि एकेक पेड कापामागून काप कुठं जातो ते काढलं. पेड सरळ जातच नाहीत असं दिसलं. ते फुटतात, शेजारच्यात मिसळतात, पुन्हा वेगळे होतात. आतली रचना अजिबात न बदलता सर्वांत लांब गेलेला टप्पा त्यांना सापडला तो जेमतेम १५ मिलिमीटरचा.

पण गोष्ट तिथंच संपत नाही, आणि हा पुढचा भाग तुमच्या भावाच्या फायद्याचा आहे. बेळगावहून रेल्वेनं लोंढ्याला गेला असाल तर जंक्शनच्या तोंडाशी रुळांचं जाळं पाहिलं असेल. हा रूळ कुठला, तो कुठं जाणार, काही कळत नाही. स्टेशन सुटलं की मात्र गोव्याचा फाटा वेगळा, हुबळीचा वेगळा. नसेचंही तसंच. काखेजवळ आणि दंडात जंक्शनचा गुंता. मनगटाकडं येईल तसे एकाच ठिकाणी जाणारे तंतू एकत्र होऊन लांबपर्यंत शेजारी शेजारी धावतात. १९८० च्या सुमारास कोपराखालच्या नसांवर जे काम झालं त्यात हे स्पष्ट झालं. अल्नार नसेत मनगटापाशी स्नायूंचा गठ्ठा करंगळीच्या बाजूला आणि थोडा खोल असतो, आणि कातडीचा मोठा गठ्ठा तळहाताच्या व अंगठ्याच्या बाजूला. म्हणजे तुमच्या भावाच्या जागी नकाशा बराचसा आधीच माहीत आहे. त्याच्यासाठी वेगळा काढावा लागत नाही.

मग तुम्ही पाहिलेली चित्रं कसली? ती खरी आहेत, फक्त ती जिवंत हातातली नाहीत. नस शरीराबाहेर काढून, म्हणजे बहुतेक वेळा देहदानातून आलेल्या देहातून घेऊन, ती चित्रं बनवलेली असतात. देहदानाचा विषय निघाला की आमच्याकडं एक उदाहरण हमखास निघतं: बैलहोंगलच्या एका डॉक्टरांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचं विच्छेदन त्यांच्याच डॉक्टर मुलानं बेळगावात केलं, २०१० साली. विच्छेदनाच्या टेबलावर जे शिकायला मिळतं ते कुठल्याच स्क्रीनवर नाही. असो.

चित्र काढायच्या तीन-चार तऱ्हा आहेत. एक मायक्रो-सीटी. क्ष-किरणांना नसेतले मऊ भाग एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत, म्हणून नस आधी आयोडीनमध्ये किंवा ऑस्मियमच्या द्रावणात बुडवून ठेवतात. तो रंग पेडात आणि आवरणात कमी-जास्त मुरतो, मग काही मायक्रॉनपर्यंतचं चित्र मिळतं. ऑस्मियमचं द्रावण विषारी आहे, जिवंत हातात घालायचा प्रश्नच नाही. आयोडीनलाही नस तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस भिजत ठेवावी लागते, आणि वर किरणांचा मारा माणसाला परवडणारा नाही. इस्पितळातला सीटी वेगळा. त्याची नजर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थांबते, नसेच्या आतलं त्यात दिसत नाही.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते, कारण तिच्यात सुताराची अक्कल आहे. नसेचा तुकडा एका ठोकळ्यात पक्का बसवतात, वरच्या पृष्ठभागाला रंग देतात आणि सुमारे २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकतात. हा प्रकाश जेमतेम वरच्या दहाएक मायक्रॉनमध्येच शिरतो, म्हणून फक्त वरचा थर चमकतो आणि फोटो स्वच्छ येतो. मग रंध्यानं लाकूड तासावं तसा एक थर तासायचा, पुन्हा रंग, पुन्हा फोटो. संडरलंड यांच्या पद्धतीत प्रत्येक काप काचेवर घेताना सुरकुततो, ताणला जातो, आणि नंतर सगळे काप एकमेकांवर जुळवणं हा मोठा उपद्व्याप. इथं ठोकळा जागचा हलतच नाही, त्यामुळे फोटो आपोआप जुळलेले असतात. या पद्धतीला म्यूज म्हणतात. अलीकडच्या लांबलचक नसांच्या चित्रांतली काही हिनंच काढलेली आहेत.

तिसऱ्या तऱ्हेत रसायनांनी नस काचेसारखी पारदर्शक करतात आणि प्रकाशाचा पातळ पडदा आडवा सरकवत थर टिपतात. यात खास रंग लावून हुकुमाचे तंतू कुठले आणि खबरेचे कुठले हेही ओळखता येतं. तुमच्या मनातलं चित्र बहुधा हेच असणार.

यांतलं एकही तुमच्या भावाच्या हातावर होत नाही, बेळगावात नाही, बेंगळुरूत नाही आणि परदेशातही नाही. बेळगाव लहान गाव असण्याशी त्याचा संबंध नाही.

जिवंत हातावर होतात त्या दोन गोष्टी. एमआरआय न्यूरोग्राफीत चांगल्या, ताकदवान चुंबकाच्या (३ टेस्ला) मशीनवर मोठे पेड दिसतात, नस सुजलीय का, कुठं तुटलीय, टोकाला गाठ झालीय का हे कळतं. यातच एक प्रकार आहे ज्यात नसेतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते मोजून रंगीत रेघा काढतात. त्या रेघा बघून लोक फसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक तंतू नव्हे. मशीन ज्या बारीकात बारीक चौकोनातलं मोजमाप घेतं तो साधारण मिलिमीटरभराचा असतो, त्यात हजारो तंतू मावतात. रेघ हा त्या हजारांचा काढलेला सरासरी कल आहे. तुटलेल्या टोकापाशी, जिथं आपल्याला गरज असते, तिथं सूज आणि व्रण असल्यामुळे तर त्या रेघांवर माझा अजिबात भरवसा नाही.

दुसरी साधी सोनोग्राफी, पण नसांचा सराव असलेल्या माणसाच्या हातची, १५ ते १८ मेगाहर्ट्झच्या प्रोबवर. आडव्या छेदात निरोगी नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते: काळसर ठिपके म्हणजे पेड, मधलं पांढरं म्हणजे आवरण. तुटली असेल तर दोन टोकं, मधलं अंतर, टोकाची गाठ, आणि शेजारची रक्तवाहिनी व दोरी शाबूत आहे का, हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तुमच्या भावाची चाचणी करायचीच तर ही करा. तीही ऑपरेशनची तारीख न हलवता.

आता समजा जादूनं तो परिपूर्ण नकाशा मिळाला, तरी काय होईल? हे मी टेबलावरच्या अनुभवानं सांगतो. कापलेली टोकं मागं सरकतात आणि तीन आठवड्यांत त्यांच्यावर व्रणाची गाठ येते. ती गाठ कापून ताजी टोकं काढावी लागतात, दोन्हीकडून काही मिलिमीटर जातात. म्हणजे स्कॅनमधले जे दोन चेहरे जुळवायचे ते आपणच कापून टाकलेले असतात. पुढं नस ताणून जोडता येत नाही. ताण आला की जोड आतून व्रणानं भरतो. अंतर जास्त असेल तर पोटरीमागची संवेदनेची एक बारीक नस काढून तिचे तुकडे मध्ये घालतो. पावलाच्या बाहेरच्या कडेला त्यामुळे बधिरपणा राहतो, पण चालायला त्रास नाही. मध्ये उसनी नस आली की वरचा आणि खालचा नकाशा हुबेहूब जुळण्याची गोष्टच संपते. मग आम्ही गठ्ठ्याला गठ्ठा जोडतो, आणि मनगटापाशी तेवढं जमतं.

जुळवताना आमच्याकडं असलेल्या खुणा जुन्याच आहेत. नसेच्या अंगावर बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या दोन्हीकडं एका रेषेत आणायच्या. मायक्रोस्कोपखाली पेडांचे आकार बघायचे. आणि विजेचा अगदी हलका धक्का देऊन बघायचं: खालच्या टोकाच्या कुठल्या पेडाला धक्का दिल्यावर स्नायू हलतो? ही शेवटची खूण सगळ्यांत खात्रीची, पण ती तुटल्यानंतर साधारण ७२ तासच मिळते. पेशीपासून तुटलेला तंतू मरत जातो, आणि तिसऱ्या दिवसानंतर खालचं टोक मुकं होतं. तुमच्या भावाची ती वेळ गेली. हे तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. पहिल्या रात्री रक्त थांबवणं हेच मोठं काम असतं, आणि टाके घालण्यापूर्वी करंगळीला टोचून बघायचं राहून गेलं असं प्रकरण माझ्याकडं दर पावसाळ्यात एकदोनदा तरी येतं. सांगायचा मुद्दा इतकाच, की नसेबद्दलची सगळ्यांत उपयोगी माहिती दिवसांनी कमी होत जाते. नंतरचा कुठलाही स्कॅन ती परत आणत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. नवीन होतो तेव्हा मलाही धाग्याला धागा जोडायचं भलतं वेड होतं. उद्यमबागेतल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातल्या, एका कामगाराची नस मी एकेक पेड वेगळा करून, प्रत्येकाला टाके घालून जोडली. चार तास गेले. जोड दिसायला सुंदर होता. पण तेवढे टाके आणि तेवढी हाताळणी म्हणजे तेवढा व्रण, आणि निकाल आला तो साध्या, बाहेरच्या आवरणाला नीट टाके घालून केलेल्या जोडापेक्षा बरा नव्हता. तेव्हापासून मी मनगटाच्या अल्नारसारख्या ठिकाणी, जिथं दोन गठ्ठे ठळक दिसतात, तिथं ते दोन वेगळे जुळवतो. बाकी ठिकाणी कमीत कमी, केसापेक्षा बारीक धाग्याचे टाके.

मग ही थ्रीडी चित्रं निरुपयोगी? छे. फक्त त्यांचं गिऱ्हाईक दुसरं आहे. मानेतल्या व्हेगस नसेला विजेचे झटके देऊन फिटचा आजार आटोक्यात ठेवतात. तिथं कुठल्या बाजूनं झटका दिला तर कुठला पेड जागा होतो हे कळायला आतला नकाशा लागतो. माणसाच्या व्हेगसचे मानेतले पेड सरासरी दर ५६० मायक्रॉनला, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं पुढं, फुटतात किंवा मिसळतात असं २०२२ साली छापून आलं. इलेक्ट्रोड बनवणाऱ्यासाठी हे मोलाचं आहे. आणि आम्हा सर्जनांनाही आतल्या रचनेच्या ज्ञानातूनच नस-बदलाच्या शस्त्रक्रिया मिळाल्या. १९९४ मध्ये फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी याच अल्नार नसेतला एक पेड दंडात वेगळा काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडला. निवडून एक पेड घेतला तर हाताला तो गेल्याचं सहसा कळतही नाही. मोटारसायकलवरून पडून खांद्याच्या नसा उपटलेली पोरं आमच्याकडं पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून सतत येतात, त्यांतल्या काहींचा हात यामुळं तोंडापर्यंत पोचतो.

तुमच्या भावाचं काय होईल हे मी इथून सांगू शकत नाही, पण कशावर अवलंबून आहे ते सांगतो. वय कमी, ही चांगली बाजू. काचेचा कट धारदार असतो, हीही चांगली. उसाच्या चरकात किंवा कडबाकुट्टीत चेंगरलेल्या नसेची गोष्टच वेगळी, तिथं कुठवर खराब झालीय हे कळायला कधी कधी आम्हीच काही आठवडे थांबतो. ‘थांबा’ असं कुणी सांगितलेलं तुम्ही ऐकलं असेल तर ते अशा रुग्णाबद्दल असणार. मनगटाजवळची जागा, तिसरी चांगली गोष्ट. तंतू साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. तुमच्या जागेपासून हाताच्या शेवटच्या बारीक स्नायूपर्यंत पंधराएक सेंटिमीटर धरले तर पाच महिने, सुरुवातीचा खोळंबा धरून सहा. आणि नसेवाचून स्नायू साधारण वर्ष ते दीड वर्षच तग धरतो, त्यानंतर तंतू पोचला तरी घेणारा कुणी उरत नाही. मनगटाच्या जखमेत हा हिशेब बसतो. कोपराच्या वर तीच नस तुटली असती तर बसला नसता, आणि मग मनगटापाशी दुसऱ्या नसेची फांदी आणून जोडण्याचा विचार करावा लागला असता. भावाला मधुमेह नाही आणि तो बिडी-सिगारेट ओढत नाही असं मी धरून चालतोय. ओढत असेल तर आजपासून बंद.

पूर्ण पूर्वीसारखा हात कुणी कबूल केला तर सावध व्हा. अल्नार नस जोडल्यावर संवेदना बरीचशी येते, बारीक स्नायूंची ताकद अर्धीमुर्धी येते, कधी नीट येते, कधी येत नाही. माझ्या हातचेही सगळे रुग्ण खूश नाहीत.

ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांत दोन गोष्टी घरी बघता येतील. हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, गरम नको. ज्या बोटाची नस चालू आहे त्याच्या कातडीला सुरकुत्या पडतात. तुटलेल्या भागात कातडी गुळगुळीत राहते. आणि अंगठा व तर्जनीच्या कडेत कागद धरायला सांगून तुम्ही ओढा. अंगठ्याचं टोक वाकवूनच तो कागद धरून ठेवत असेल तर त्या नसेचा स्नायू कामाला नाही. हे सर्जनला सांगा, पण यावरून स्वतः निदान करू नका. बधिर बोटाला चहाचा कप, तवा, सायलेन्सर यांपासून सांभाळा. पोळलेलं त्याला कळणार नाही. बोटं आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्टकडून आधाराची पट्टी आत्ताच करून घ्या.

कुठं जायचं? निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव त्यामानानं लांब, मिरजही आहे. गाव महत्त्वाचं नाही. मायक्रोस्कोपखाली नसा जोडायचं काम तिथं नेहमी होतं का, गरज पडली तर पोटरीची नस घ्यायची तयारी आहे का, आणि याच आठवड्यात घेता का, एवढं विचारा. महिनाभर थांबा म्हणाले तर दुसरीकडं जा. सरकारी योजनेचं कार्ड राज्याच्या हद्दीपलीकडं चालेल की नाही हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. माणसं सकाळी निघून संध्याकाळी तशीच परत आलेली मी पाहिली आहेत. आणि पहिल्या रात्रीचा केसपेपर त्या दवाखान्यातून मागून आणा. रक्तवाहिनी बांधली होती का, दोरी दिसली होती का, हे त्यात एका ओळीत असेल तरी सर्जनचा अर्धा तास वाचतो. कानडीत असला तरी बिघडत नाही, वाचणारं कुणीतरी असतंच.